वेदर स्टेशन संगणकाला जोडताना

घरगुती वेदर स्टेशनचा भिंतीवरचा कन्सोल, म्हणजे आकडे दाखवणारा पडदा, आत्ताचं तापमान सांगतो, आजचा पाऊस सांगतो. पण गेल्या मंगळवारी दुपारी वारा कोणत्या दिशेचा होता असं विचारलं की बहुतेक कन्सोल गप्प. मध्यरात्री दिवसाचा पाऊस शून्यावर येतो, कमाल-किमान पुसलं जातं आणि सकाळी पाटी कोरी. वेदर स्टेशन संगणकाला जोडायचं ते ही पाटी पुसली जाऊ नये म्हणून. आलेख, वेबपान, मोबाइलवरच्या सूचना हे सगळं त्यानंतरचं.

‘पण त्याचं अ‍ॅप आहे की!’ असं कुणीतरी म्हणतंच. असतं, आणि बरेचदा चांगलंही असतं. पण त्यातल्या नोंदी कंपनीच्या सर्व्हरवर असतात आणि तो सर्व्हर किती दिवस चालू ठेवायचा हे कंपनीच ठरवते. अ‍ॅक्युराइटने २०१९ च्या सुरुवातीला आपल्या जुन्या स्मार्टहबची (स्टेशनचे आकडे इंटरनेटवर पाठवणाऱ्या डबीची) सेवा बंद केली, तेव्हा बाहेरचे सेन्सर ठणठणीत होते. नोंदी जायची जागाच उरली नाही. म्हणून मी नवख्या माणसाला एकच आग्रह करतो: आकडे घराबाहेर न जाता आपल्या संगणकात कसे येतील ते आधी बघा. मग हवं तर जगाला वाटा.

आधी स्टेशन ओळखा

बाहेरचा सेन्सर रेडिओलहरींवरून आकडे पाठवतो. घरातला कन्सोल किंवा गेटवे (आकडे पकडून नेटवर्कवर देणारी डबी) ते पकडतो. तिथून पुढे ते पडद्यावर, यूएसबीवर किंवा वाय-फायवरून बाहेर जातात. या साखळीत कुठेतरी आपल्याला तोटी लावायची आहे. तोटी लावता येईल अशा जागा चारच: कन्सोलची यूएसबी किंवा सीरियल केबल, वाय-फाय गेटवे, घरच्या नेटवर्कवर खुलेपणाने होणारं प्रसारण, आणि थेट हवेतली रेडिओलहर. पाचवी जागा म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरून आकडे परत मागवणं. दुसरं काहीच जमलं नाही तर ती.

आता कन्सोल उलटा करून बघा. यूएसबीचं भोक दिसलं म्हणून लगेच खूश होऊ नका. कित्येक कन्सोलना ते फक्त वीज घेण्यासाठी दिलेलं असतं, किंवा पेन ड्राइव्ह लावून आतलं सॉफ्टवेअर बदलण्यासाठी. पुस्तिकेत ‘पीसी कनेक्शन’ किंवा ‘डेटा लॉगर’ हे शब्द असतील तरच ते आपल्या कामाचं.

खोक्यावरच्या नावावरही फार विसंबू नका. घरगुती स्टेशनांचा मोठा हिस्सा फाइन ऑफसेट नावाची एकच कंपनी बनवते आणि ती वेगवेगळ्या नावांनी विकली जातात. इकोविट, अँबियंट वेदर ही त्यांतली ओळखीची नावं. तुमच्या स्टेशनच्या नावाने काहीच माहिती सापडत नसेल, तर बाहेरच्या सेन्सरचं चित्र इकोविटच्या सेन्सरशी ताडून बघा. तीच जुळणी निघाली तर पुढची वाट बरीच सोपी होते.

स्टेशन अजून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट विकत घेण्याआधीच तपासा: रेडिओची वारंवारता. एकच मॉडेल ४३३, ८६८ आणि ९१५ मेगाहर्ट्झ अशा तीन अवतारांत मिळतं. आपल्या देशात जी वारंवारता विनापरवाना चालते तीच घ्यायची, आणि पुढे जादा सेन्सर घेतला तर तोही त्याच वारंवारतेचा. ८६८ चा सेन्सर ४३३ च्या कन्सोलशी कधीच बोलणार नाही, कितीही जवळ ठेवा.

संगणक कोणता

चोवीस तास चालू राहणारा, एवढीच अट. कामाला फार ताकद लागत नाही. कपाटात पडलेला जुना लॅपटॉप उत्तम, कारण वीज गेली तर त्याची स्वतःची बॅटरी असते. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक वीज कमी खातो, पण त्याच्या दोन खोडी माहीत असाव्यात. एक, दर काही मिनिटांनी लिहून लिहून मेमरी कार्ड झिजतं आणि नेमकं वीज जाताना लिहिणं चालू असेल तर बिघडतं. शक्य असेल तर यूएसबीवरून एसएसडी लावा. दोन, पाय ४ पर्यंतच्या मॉडेलमध्ये स्वतंत्र घड्याळच नाही. वीज परत आली की पाय झटपट उठतो, राउटर सावकाश उठतो, आणि इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंतच्या नोंदींवर जुनीच वेळ पडते. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते.

केबलची वाट

केबलवाली स्टेशनं दोन जातींची. पहिली सीरियल भाषा बोलणारी. डेव्हिसची व्हँटेज प्रो२ आणि व्हँटेज व्ह्यू ही यातली नावाजलेली. कन्सोलच्या मागे डेटा लॉगर नावाची, नोंदी साठवणारी छोटी चकती बसते आणि तिच्यातून यूएसबी केबल निघते. यूएसबी लॉगरच्या आत सिलिकॉन लॅब्जची सीपी२१० मालिकेतली चिप असते. लिनक्समध्ये तिचा ड्रायव्हर आधीच असतो. विंडोजमध्ये बसवावा लागू शकतो. ड्रायव्हर बसला की डिव्हाइस मॅनेजरमधल्या ‘पोर्ट्स’खाली नवा कॉम पोर्ट (सीरियल जोडणीचं विंडोजमधलं नाव) दिसतो. त्याचा क्रमांक लिहून ठेवा.

इथे लगेच मोठं सॉफ्टवेअर बसवायला धावू नका. आधी कन्सोल जिवंत आहे का ते स्वतः बघा. कुठलाही साधा टर्मिनल प्रोग्राम (पोर्टशी अक्षरं टाइप करून बोलायचं साधन) उघडा, तो कॉम पोर्ट निवडा आणि वेग १९२०० ठेवा. ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. एंटर दाबा. कन्सोल झोपलेला असतो, त्यामुळे पहिल्या एंटरला कधीकधी काहीच होत नाही. दुसऱ्या-तिसऱ्याला कर्सर एक ओळ खाली सरकतो. हीच त्याची ‘ओ’. मग रोमन मोठ्या अक्षरांत टेस्ट हा शब्द टाइप करून एंटर दाबा. तोच शब्द परत आला तर केबल, ड्रायव्हर, लॉगर, सगळं शाबूत. यापुढे काही बिघडलं तर दोष सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये शोधायचा. या पाच मिनिटांनी माझे पुढचे कित्येक तास वाचवलेत, म्हणून इतकं सविस्तर सांगतोय. आणि हो, तपासणी झाली की टर्मिनल बंद करा. एका पोर्टवर एका वेळी एकच प्रोग्राम बसू शकतो. टर्मिनल उघडा राहिला तर सॉफ्टवेअर ‘पोर्ट उघडता येत नाही’ म्हणून रडत बसतं.

लिनक्सवर आणखी दोन गाठी सोडवाव्या लागतात. पहिली परवानगीची: उबंटू, डेबियन, रास्पबेरी पाय ओएस यांत सीरियल पोर्ट वाचायला आपलं खातं ‘डायलआउट’ या गटात असावं लागतं, आणि गटात घातल्यावर एकदा लॉग आउट करून परत यावं लागतं. हे दुसरं पाऊल बहुतेक जण विसरतात. दुसरी गाठ नावाची: आज जो पोर्ट यूएसबी-० आहे तो उद्या दुसरं उपकरण आधी जागं झालं तर यूएसबी-१ होतो. त्यावर उपाय म्हणजे उपकरणाच्या ओळखक्रमांकावरून बनलेलं कायमचं नाव वापरणं. लिनक्स ते स्वतःच सीरियल उपकरणांच्या ‘बाय-आयडी’ फोल्डरमध्ये तयार ठेवतं.

दुसऱ्या जातीची स्टेशनं, म्हणजे फाइन ऑफसेटची जुनी डब्ल्यूएच१०८० आणि तिची भावंडं, संगणकाला कीबोर्ड-माउसच्या कुळातली वाटतात. त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही आणि त्यांचा कॉम पोर्टही दिसत नाही. लोक तो शोधत बसतात. या जातीला एक जुनी व्याधी आहे: अधूनमधून यूएसबी गोठते. कन्सोलवर आकडे बदलत असतात, पण संगणकाला काही मिळत नाही. केबल काढून परत लावून भागत नाही. केबल आणि बॅटऱ्या दोन्ही काढून कन्सोल पूर्ण बंद करावा लागतो. असं स्टेशन कुणी आयतं देत असेल तर घ्या. पण महिनोन्‌महिने घरापासून लांब राहणार असाल तर याच्या भरवशावर राहू नका.

केबलवाल्या स्टेशनांचा मोठा फायदा म्हणजे त्यांची स्वतःची स्मृती. डेव्हिसच्या लॉगरमध्ये २५६० नोंदी मावतात. दर पाच मिनिटांनी एक नोंद धरली तर जवळजवळ नऊ दिवस. दर अर्ध्या तासाला धरली तर त्रेपन्न. संगणक तेवढे दिवस बंद राहिला तरी चालू झाल्यावर मधल्या नोंदी ओढून घेतो. डब्ल्यूएच१०८० मध्ये ४०८० नोंदी मावतात.

वाय-फाय गेटवेची वाट

नव्या माणसाला आज बहुधा हीच वाट लाभेल. इकोविटच्या जीडब्ल्यू१०००, ११००, २००० सारख्या छोट्या गेटवेला पडदाच नसतो. तो सेन्सरचे आकडे पकडतो आणि नेटवर्कवर देतो. देण्याच्या पद्धती दोन आहेत, आणि त्यांतला फरक डोक्यात पक्का बसला की निम्मी डोकेदुखी संपते. प्रश्न एवढाच: कोण कोणाला हाक मारतो?

एका पद्धतीत गेटवे संगणकाला हाक मारतो. दर मिनिटाला, किंवा तुम्ही ठरवाल तितक्या सेकंदांनी, तो आकड्यांचा गठ्ठा दिलेल्या पत्त्यावर टाकून मोकळा होतो. इथे संगणकाचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी पत्ता) बदलता कामा नये. दुसऱ्या पद्धतीत संगणक गेटवेला विचारतो; जीडब्ल्यू१००० च्या कुळात हे पोर्ट ४५००० वर चालतं (इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, नेटवर्कवरचा क्रमांक दिलेला दरवाजा). इथे गेटवेचा पत्ता स्थिर हवा. मी दोघांचेही पत्ते राउटरमध्ये कायमचे बांधून टाकतो. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ किंवा ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असं काहीतरी असतं, तिथे.

पहिल्या पद्धतीची पावलं अशी.

१. गेटवे घरच्या वाय-फायवर आणा. हे गेटवे फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. जोडणी होईना तर राउटरमध्ये २.४ आणि ५ ची नावं तात्पुरती वेगळी करून बघा. पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर गेटवे टाकू नका. तिथे उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत.

२. संगणकाचा स्थानिक पत्ता बघा. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. राउटरमध्ये तो बांधून घ्या.

३. गेटवेच्या अ‍ॅपमध्ये किंवा त्याच्या वेबपानावर ‘कस्टमाइज्ड’ हा भाग उघडा आणि चालू करा. प्रोटोकॉल इकोविट निवडा. सर्व्हरच्या जागी संगणकाचा पत्ता, त्याखाली पाथ, पोर्ट आणि किती सेकंदांनी पाठवायचं ते भरा. पाथ आणि पोर्ट आपल्या मनाचे नाहीत, सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत दिलेले तेच. पाथमधली एक तिरकी रेघ सुटली तरी सगळं अडतं.

४. संगणकाच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणाऱ्या पहारेकऱ्यात) तो पोर्ट उघडा. फक्त घरच्या नेटवर्कसाठी.

५. सेव्ह करा आणि दोन मिनिटं काहीही न करता थांबा.

चौथं पाऊल मी ठळक करून सांगतो. गेटवे ‘पाठवलं’ म्हणतो, सॉफ्टवेअर ‘काही आलंच नाही’ म्हणतं, आणि दोघंही खरं बोलत असतात. मधे फायरवॉल बसलेली असते.

या गेटवेमध्ये जुन्या नोंदी साठत नाहीत. जीडब्ल्यू१००० ने पाठवलं तेव्हा संगणक बंद असेल तर ती नोंद गेली. इथे संगणक आणि राउटर दोघांनाही यूपीएसवर ठेवणं हा चैनीचा खर्च नाही.

टेम्पेस्ट स्टेशन असेल तर तुम्ही सुखी माणूस. त्याचा हब घरच्या नेटवर्कवर यूडीपी (उत्तराची वाट न बघता पाठवायची पद्धत) पोर्ट ५०२२२ वरून आकडे जाहीरपणे ओरडत असतो. वारा दर तीन सेकंदांनी, बाकीचं दर मिनिटाला. सॉफ्टवेअरने फक्त कान द्यायचा. कान देणारा संगणक मात्र हबच्याच नेटवर्कमध्ये हवा.

हवेतून पकडायची वाट

कन्सोलला ना यूएसबी, ना वाय-फाय. तरी आकडे हवेत आहेतच. डिजिटल टीव्ही बघण्यासाठी बनवलेला एक यूएसबी डाँगल असतो, आरटीएल२८३२यू चिपचा. तो वारंवारतांच्या मोठ्या पट्ट्यासाठी रेडिओ म्हणून वापरता येतो हे २०१२ च्या सुमाराला लोकांच्या लक्षात आलं आणि हौशी मंडळींना खजिनाच सापडला. त्यावर आरटीएल-४३३ हे मोफत सॉफ्टवेअर चालवलं की फाइन ऑफसेट, अ‍ॅक्युराइट, ओरेगॉन सायंटिफिक, ला क्रॉस, ब्रेसर अशा कितीतरी सेन्सरची बोली ते उलगडतं. मूळ वारंवारता ४३३.९२ मेगाहर्ट्झ धरलेली असते. सेन्सर ८६८ किंवा ९१५ चा असेल तर ती बदलून द्यावी लागते.

पहिल्यांदा चालवलंत की पडद्यावर अनोळखी गर्दी दिसेल. शेजाऱ्यांचे थर्मामीटर, दारावरच्या घंटा, रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांतले हवेच्या दाबाचे सेन्सरसुद्धा. मी पहिली संध्याकाळ गाड्या मोजण्यातच घालवली. तुमचा सेन्सर ओळखायची सोपी युक्ती: तापमानाचा सेन्सर दहा मिनिटं मुठीत धरा आणि पडद्यावर कुणाचा आकडा चढतोय ते बघा. त्याचा ओळखक्रमांक लिहून ठेवा आणि सॉफ्टवेअरला फक्त तोच घ्यायला सांगा.

डाँगल लावून काहीच दिसत नसेल तर कारण बहुधा असं: लिनक्सने त्याला टीव्ही समजून स्वतःचा ड्रायव्हर लावून ठेवलेला असतो, तो बंद करावा लागतो. विंडोजमध्ये झाडिग नावाच्या छोट्या साधनाने ड्रायव्हर बदलावा लागतो.

या वाटेने एक आकडा सहसा मिळत नाही, आणि तो का मिळत नाही हे कळेपर्यंत लोक डाँगलला शिव्या घालतात. हवेचा दाब. दाबमापक बहुतेक स्टेशनांत बाहेर नसतोच, तो घरातल्या कन्सोलमध्ये असतो, कारण दाब आत-बाहेर सारखाच. कन्सोल काही तो हवेत पाठवत नाही. दाब हवा असेल तर संगणकाला बीएमई२८० सारखा छोटा सेन्सर वेगळा जोडायचा.

सॉफ्टवेअर

माझ्या मते नवख्याने दोनांतून एक निवडावं. विंडोजची सवय असेल तर क्युम्युलस एमएक्स: मोफत आहे, लिनक्स आणि मॅकवरही चालतं, आणि सगळी सेटिंग ब्राउझरमधून पोर्ट ८९९८ वर करता येतात. स्टेशनच्या यादीत इकोविट, डेव्हिस, टेम्पेस्ट सगळे तयार असतात. लिनक्सशी थोडी ओळख असेल तर वीडब्ल्यूएक्स (WeeWX). टॉम केफर यांनी सुरू केलेलं, पायथॉनमध्ये लिहिलेलं, मुक्त स्रोत. सेटिंग एका मजकूर फाइलमध्ये, नोंदी एसक्यूलाइटच्या डेटाबेसमध्ये. मी वीडब्ल्यूएक्स वापरतो, कारण ते एकदा बसलं की त्याच्याकडे महिनोन्‌महिने बघावं लागत नाही.

वीडब्ल्यूएक्समध्ये ‘सिम्युलेटर’ नावाचा खोटा स्टेशनवाला ड्रायव्हर आहे. आधी त्याच्यावर चालवा. खोट्या आकड्यांचं वेबपान नीट तयार झालं की मग खरं स्टेशन जोडा. नाहीतर सॉफ्टवेअरची चूक कोणती आणि स्टेशनची कोणती, हे वेगळं काढता येत नाही. खऱ्याकडे वळताना सिम्युलेटरचा डेटाबेस पुसायला विसरू नका.

आणि पहिली खरी नोंद पडण्याआधी एककं ठरवा. वीडब्ल्यूएक्समध्ये दाखवायची एककं वेगळी आणि साठवायची वेगळी. दाखवायची कधीही बदला, काही बिघडत नाही. साठवायची मात्र मूळची अमेरिकन असतात, आणि एकदा डेटाबेस सुरू झाला की मधेच बदलता येत नाहीत. बदलायची तर सगळा डेटाबेस रूपांतरित करून नवा करावा लागतो. त्यात ‘मेट्रिक’ निवडलं की पाऊस सेंटिमीटरमध्ये आणि वारा किलोमीटर प्रति तासात साठतो. मिलिमीटर आणि मीटर प्रति सेकंद हवे असतील तर ‘मेट्रिकडब्ल्यूएक्स’ हा वेगळा पर्याय आहे. हे वाचून कुणाचा तरी एक रविवार वाचेल.

नोंदींमधलं अंतर पाच मिनिटं ठेवा. वर्षाला एक लाख पाच हजारांच्या आसपास ओळी होतात, संगणकाला त्या जाणवतही नाहीत. मिनिटाला एक नोंद ठेवायचा मोह होतो, पण फाइन ऑफसेटचा बाहेरचा सेन्सर सोळा सेकंदांनी एकदा बोलतो. त्या मिनिटात तीन-चारच आकडे आलेले असतात, त्यातलाही एखादा हवेत हरवतो.

आकडे खरे आहेत का

संगणकात आकडे येऊ लागले की काम झालंसं वाटतं. पण चुकीचा आकडा संगणकात साठला की तो पुसट होत नाही, उलट आलेखात बसून अधिकृत दिसू लागतो.

पर्जन्यमापकापासून सुरुवात करा. नरसाळ्याखाली दोन कप्प्यांची वाटी असते. एक कप्पा भरला की ती टक्‌ करून पलटते, आणि संगणक मोजतो ती ही टकटक. नरसाळ्याचा व्यास मोजा. समजा तो २० सेंटिमीटर आहे. म्हणजे तोंडाचं क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, आणि १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ३१.४ मिलिलिटर पाणी. बाटलीत ३१४ मिलिलिटर पाणी मोजून घ्या, झाकणाला सुईने बारीक भोक पाडा, बाटली नरसाळ्यावर उलटी धरा आणि थेंब थेंब पडू द्या. अर्धा तास तरी लागला पाहिजे. भसकन ओतलंत तर वाटी पलटतानाच पाणी निसटतं आणि माप कमी भरतं. संगणकात १० मिलिमीटर यायला हवेत. साडेनऊ आले तर सॉफ्टवेअरमध्ये १.०५ चा गुणक लावा. सहाच आले तर गुणक लावू नका. वाटी अडकतेय, कोळ्याचं जाळं आहे किंवा स्टेशन तिरकं बसलंय.

हे करायच्या आधी नोंदी थांबवा, किंवा निदान वेळ लिहून ठेवा आणि नंतर त्या ओळी काढून टाका. मी नाही काढल्या. माझ्या डेटाबेसमध्ये एका लख्ख उन्हाच्या दुपारी १० मिलिमीटर पाऊस पडलेला आहे, आणि त्या महिन्याची बेरीज बघणारा दरवेळी मला तो विचारतो.

मग दाब. कन्सोल दोन दाब सांगतो: तुमच्या जागेवरचा खरा, आणि समुद्रसपाटीवर आणलेला. जमिनीलगत साधारण दर ८ मीटर उंचीला १ हेक्टोपास्कल कमी होतो, म्हणून ५०० मीटर उंचीवर खरा दाब ९५५ च्या आसपास दिसला तर सेन्सर बिघडलेला नाही. सॉफ्टवेअरमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची नीट भरा. उंची सेन्सरची नव्हे, दाबमापकाची, म्हणजे कन्सोल ज्या मजल्यावर आहे तिथली. दोन-तीन दिवस जवळच्या अधिकृत वेधशाळेच्या आकड्याशी ताडून बघा, वारा शांत असताना.

वाऱ्याची दिशा सगळ्यात जास्त चुकते, कारण सेन्सरवरचं उत्तरेचं चिन्ह बसवतानाच नीट वळवावं लागतं. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखवतं, खरी उत्तर नव्हे; तुमच्या भागात त्यांच्यात किती अंशांचा फरक आहे तो बघून घ्या. डेव्हिसचा सौर पट्टीवाला संच पट्टी दक्षिणेकडे आहे असं धरून चालतो. दक्षिण गोलार्धात पट्टी उत्तरेकडे वळवली असेल तर कन्सोलला ते सांगावं लागतं, नाहीतर दिशा १८० अंशांनी उलटी. वेगाचं म्हणाल तर जागतिक हवामान संघटनेची शिफारस मोकळ्या जागेत दहा मीटर उंचीची आहे. घरी ते क्वचितच जमतं. जे जमलं ते लिहून ठेवा आणि आकड्याकडे त्या हिशेबाने बघा. तापमानाचा सेन्सर मात्र जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर, सावलीच्या झडपांत, तापणाऱ्या भिंतीपासून लांब. तिथे तडजोड करू नका.

चालता चालता बंद पडलं तर

आधी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअर स्वतःच्या कामाची नोंद ठेवतं ती फाइल, वाचा. सॉफ्टवेअर काय अडलं ते जवळजवळ नेहमी सांगत असतं, फक्त आपण पडदा बघतो, लॉग बघत नाही.

विंडोज वीज वाचवायला यूएसबी पोर्ट झोपवतं. पॉवरच्या सेटिंगमध्ये ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा आणि संगणक स्वतःहून झोपणार नाही हेही बघा. कन्सोल संगणकाला चिकटवून ठेवला तर संगणकाच्या विद्युत गोंगाटाने सेन्सरचा आवाज बुडतो, म्हणून दोघांत दीड-दोन मीटर ठेवा. डाँगलही लांब यूएसबी वायरवर टाका. रोज ठरावीक वेळी खंड पडत असेल तर त्या वेळी घरात काय चालू होतं ते बघा; माझ्याकडे तो गुन्हेगार एका एलईडी दिव्याचा स्वस्त अ‍ॅडॅप्टर निघाला, आणि तो सापडायला तीन आठवडे लागले.

डेटाबेसची प्रत रोज दुसऱ्या जागी जाईल असं लावून द्या. चालू डेटाबेसची फाइल नुसती उचलून कॉपी करू नका, लिहिणं मधेच असेल तर प्रत फुटकी निघते. एसक्यूलाइटची स्वतःची बॅकअप आज्ञा आहे ती वापरा. महिन्यातून एकदा ती प्रत उघडूनही बघा.

हे सगळं स्थिर झालं की मग वेदर अंडरग्राउंडसारख्या, घरोघरचे आकडे नकाशावर दाखवणाऱ्या संकेतस्थळाला आकडे पाठवायला हरकत नाही. दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. तिथे अक्षांश-रेखांश भरताना नकाशावर आपलं घर किती नेमकं दिसावं याचा विचार करा. दशांशाचे दोनच आकडे दिले तर जागा साधारण एका किलोमीटरच्या आत धूसर राहते. आणि राउटरमध्ये गेटवेचा पोर्ट बाहेरच्या जगाला उघडून देऊ नका. घराबाहेरून आलेख बघायचे असतील तर तयार वेबपान दुसरीकडे चढवा.

राहिल्या बॅटऱ्या. सेन्सरच्या बॅटऱ्या बदलल्या की पावसाचा मोजणारा आकडा कधीकधी शून्यावरून सुरू होतो, आणि एखादं सॉफ्टवेअर त्या उडीला मोठा पाऊस समजतं. त्या दिवसाची बेरीज लगेच बघा. डाँगलवाल्यांसाठी आणखी एक. कित्येक जुने सेन्सर बॅटरी बदलल्यावर नवाच ओळखक्रमांक घेतात. सेन्सर बोलत असतो, डाँगल ऐकत असतो, पण सॉफ्टवेअर जुन्याच नावाची वाट बघत बसतं. पुन्हा मुठीत धरा, नवा क्रमांक बघा, सेटिंगमध्ये बदला.